मुलाचं पहिलं डिमॅट : ऐकीव काय, खरं काय

दहावी-बारावीच्या सुट्ट्या लागल्या की करसल्ल्यासाठी येणारे आईवडील हमखास विचारतात, "पोराला शेअर बाजाराचं वेड लागलंय, कुठलं अकाउंट काढून देऊ?" गेल्या मे महिन्यात एक गृहस्थ अकरावीतल्या मुलाला घेऊनच आले. आम्ही बोलत असताना मुलाच्या हातातल्या मोबाइलवर वडिलांचं ट्रेडिंग ॲप उघडं होतं. मध्येच ओटीपी आला. वडिलांनी आकडे वाचून दाखवले, पण कशासाठी हवाय हे विचारलं नाही. तेव्हापासून हे सगळं नीट लिहून काढायचं मनात होतं.

गैरसमज : अठरा पूर्ण झाल्याशिवाय डिमॅट निघतच नाही.

निघतं, अगदी तान्ह्या बाळाच्या नावानेही. खातं मुलाच्या नावावर, पॅन मुलाचं, सही मात्र पालकाची. जन्मदाखला आणि पालकाचं केवायसी जोडावं लागतं. हे खातं संयुक्त नावाने निघत नाही. भेट दिलेले, वारशाने आलेले, आयपीओत मिळालेले शेअर त्यात राहतात. इंट्राडे आणि फ्युचर्स-ऑप्शन्स पूर्ण बंद. अनेक ब्रोकर अल्पवयीनाच्या खात्यातून फक्त विक्री करू देतात, बाजारातून खरेदी नाही. म्हणून खातं काढण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारा.

गैरसमज : मग माझ्याच ॲपवर शिकू दे, काय बिघडलं?

बरंच बिघडतं. १८७२ च्या करार कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्ती करार करू शकत नाही. असा करार मुळातच निरर्थक ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरी बीबी खटल्यात सांगून ठेवलं आहे. त्यामुळे वडिलांच्या लॉगिनमधून मुलाने टाकलेली प्रत्येक ऑर्डर कायद्याच्या नजरेत वडिलांची. तोटा त्यांचा, कर त्यांचा, मार्जिन भरायची जबाबदारीही त्यांचीच. आणि मुलाच्या खात्यावर जी दारं कायद्याने बंद ठेवली आहेत, ती वडिलांच्या ॲपवर सताड उघडी असतात. मला काळजी वाटते ती याची. मुलगा महिनाभर शेअर घेतो, मग कुठल्या तरी व्हिडिओत ऑप्शन्स बघतो, आणि पुढचा ओटीपी ऑप्शन्ससाठीच असतो.

शिकायचंच असेल तर मुलाच्या नावाने इंडेक्स फंडात पाचशे रुपयांची एसआयपी लावा. २०२३ पासून त्यासाठी पैसे पालकांच्या खात्यातूनही भरता येतात. फंड मोडला की रक्कम मात्र मुलाच्याच बँक खात्यात जमा होते.

गैरसमज : ब्रोकरेज शून्य, म्हणजे खातं फुकट.

समजा, दीडशेला घेतलेला एक शेअर एकशे साठला विकला. दहा रुपये सुटले असं वाटतं. पण शेअर डिमॅटमधून बाहेर पडताना डीपी चार्ज लागतो. बहुतेक ठिकाणी तो दिवसाला, एका कंपनीमागे, तेरा ते वीस रुपयांच्या घरात असतो. शेअर एक विका की हजार, चार्ज तोच. म्हणजे नफा गेलाच, वर पदरचे पैसे गेले. छोट्या रकमेने सुरुवात करणाऱ्या मुलाला ब्रोकरेजपेक्षा हाच खर्च जास्त बोचतो. शिवाय वर्षाची देखभाल फी असते. त्यासाठी बेसिक सर्व्हिसेस डिमॅट मागा. १ सप्टेंबर २०२४ पासून चार लाखांपर्यंतच्या शेअरांवर त्यात ही फी शून्य आहे, चार ते दहा लाखांवर वर्षाला शंभर रुपये. ब्रोकर हे आपणहून सांगेलच असं नाही, तेव्हा दरपत्रक हातात घेऊन वाचा.

गैरसमज : मुलाच्या नावावर ठेवलं की कर वाचतो.

नाही. अल्पवयीनाचं गुंतवणुकीचं उत्पन्न आईवडिलांपैकी ज्यांची कमाई जास्त, त्यांच्या उत्पन्नात मिळवलं जातं. अठरा पूर्ण झाल्यावर विकलेल्या शेअरांचा नफा मात्र त्याचा स्वतःचा.

गैरसमज : ब्रोकर बुडाला की शेअर बुडाले.

शेअर ब्रोकरकडे नसतात, एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत असतात. तरीही २०१९ मध्ये कार्वी या ब्रोकरच्या प्रकरणात ग्राहकांचे शेअर त्यांच्या मुखत्यारपत्राच्या आधाराने वापरले गेले. म्हणून मुखत्यारपत्र देऊ नका आणि डिपॉझिटरीकडून येणारं एकत्रित स्टेटमेंट मुलाला शेजारी बसवून वाचा. ब्रोकरच्या ॲपवरचा आकडा आणि स्टेटमेंटमधला आकडा जुळतो का, हे तपासणं हाच त्याचा पहिला धडा होऊ द्या.

गैरसमज : अठरा पूर्ण झाली की खातं आपोआप मुलाचं होतं.

होत नाही. त्याचं स्वतःचं केवायसी होईपर्यंत त्यातून विक्री थांबते. फोटो आणि सहीचं नवं पॅन, बँक खात्यावर त्याची सही, ही कामं वाढदिवसाच्या आसपासच उरकून घ्या. नव्या फॉर्मवर फ्युचर्स-ऑप्शन्ससाठी एक वेगळा चौकोन असेल. सेबीच्या पाहणीनुसार २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत तिथे उतरलेल्या शंभरातल्या ९३ वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांनी पैसे गमावले. फॉर्म भरताना मुलाच्या शेजारी बसा, हा आकडा त्याला सांगा, आणि तो चौकोन कोरा ठेवायला लावा.