कमरेचे शस्त्र केवढे असावे?



मोसंबीची पट्टी घेऊन जालन्याहून अंबड, घनसावंगी किंवा मंठ्याकडे अंधारात मोटारसायकलवर यायचे म्हटले की घरच्या माणसांच्या जिवाला घोर लागतो. या काळजीपोटी कोणी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो, पोलीस चौकशी होते आणि परवाना हाती येतो. मग प्रश्न पडतो, शस्त्र केवढे घ्यावे? पट्टीचे पैसे परस्पर बँकेच्या खात्यावर घेणे हा सर्वांत स्वस्त बंदोबस्त होय, हे आधी सांगून ठेवतो. तरीही शस्त्र घेणारच असाल, तर पुढील गोष्टी ध्यानात घ्या.

कायदा काय म्हणतो?

रानडुक्कर आणि रोही पिकात शिरतात म्हणून पिस्तूल मागू नये. पीकरक्षणासाठी कायद्याने लांब नळीच्या बंदुकीची सोय ठेवली आहे, आणि वन्यप्राण्यावर गोळी झाडायला वेगळी परवानगी लागते. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. तेव्हा निवड मुख्यतः .३२ आणि .२२ बोअरमध्येच करायची असते.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हातशस्त्र न्यायचे तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच योग्य पिशवीत हवे, पूर्ण झाकलेले हवे आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवे. म्हणजे सदऱ्यावरून पट्टा बांधून गावभर मिरवणे हा रुबाब नव्हे, नियमभंग आहे.

लहान की मोठे?

कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली काढलेले 'निर्भीक' रिव्हॉल्वर सुमारे अर्धा किलोचे, तर तेथलेच २०२३ सालचे 'प्रबल' सुमारे सातशे ग्रॅमचे. दोन्ही .३२ बोअरची. इशापूरच्या कारखान्याचे .२२ बोअरचे 'निडर' पाव किलोच्या आसपास भरते. कोणालाही वाटेल, हलके तेच बरे. पण हलके शस्त्र गोळी सुटताना हातात जास्त उसळते. आखूड नळीने नेम धरणे अवघड जाते. मूठ फार लहान असली तर नांगर धरलेल्या रुंद पंजाची करंगळी खाली लोंबकळते आणि पकड सैल पडते. उलट मोठे शस्त्र हातात छान बसते, पण कमरेला दिवसभर सलते.

आणखी एक गोष्ट. कपड्याखालून उठून दिसते ती बहुधा मूठ, नळी नव्हे. नळी कमरेखाली दडते, मूठ मात्र वाकले की सदरा उचलते. म्हणून मुठीची लांबी आधी पाहावी. रिव्हॉल्वरची चक्री जाड असते, पण त्याची रचना समजायला सोपी. पिस्तूल चपटे असल्याने अंगाला लागून बसते, मात्र त्याची हाताळणी नीट शिकावी लागते.

घरच्या घरी परीक्षा

खरेदीपूर्वी एक सोपा उपाय करा. जाड कापडाच्या पिशवीत अर्धा किलो वाळू भरा, तोंड शिवा आणि ती कमरेला बांधून आठ दिवस रोजची कामे करा. धार काढा, मोटर चालू करायला विहिरीवर जा, एस. टी.त बसा, मोटारसायकलवर तालुक्याला जाऊन या. मग सातशे ग्रॅम भरून पाहा. तिसऱ्या दिवशी पिशवी खुंटीला लटकलेली दिसली, तर तेवढे वजन तुमचे नव्हे.

धोतर नेसणाऱ्याला पट्टा नसतो. नाडीच्या पायजम्यावर वजन खाली ओघळते. त्यांनी रुंद, घट्ट पट्टा वेगळा बांधावा आणि वरून सैल सदरा किंवा बंडी घालावी. चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर घ्यावे. किल्ल्या, चंची यांच्याबरोबर शस्त्र खिशात कधीही टाकू नये.

खुंटीवरचे शस्त्र

सोयीचा एवढा विचार कशासाठी? सलणारे शस्त्र माणूस काढून ठेवतो म्हणून. कधी मोटारसायकलच्या डिकीत, कधी उशाखाली, कधी फडताळात. चोराला ते तिथेच सापडते, आणि त्याहून वाईट म्हणजे लेकराला. अंगावर नसेल तेव्हा शस्त्र रिकामे करून कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत. भगिनींनो, किल्ली कुठे असते यावर तुमचीही नजर असू द्या. मात्र परवाना घराला नसतो, माणसाला असतो. धन्याचे शस्त्र मुलाने किंवा भावाने बाळगणे हा गुन्हा आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नवरातीत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. विनापरवाना गावठी कट्ट्याला तर किमान दोन वर्षांची कैद आहे.

तेव्हा बंधूंनो, दिवसभर अंगावर सहज राहील आणि हाताच्या पूर्ण काबूत येईल, एवढेच शस्त्र घ्यावे. दोन्ही जमत नसेल, तर परवाना असूनही न घेणे यातच शहाणपण आहे. चार सोबती जोडून उजेडी घर गाठावे. घरच्यांना तुमच्या कमरेच्या शस्त्रापेक्षा तुम्ही वेळेवर आलेले अधिक हवे असता.