किल्लारीनंतरची झोप

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. चार वाजायला काही मिनिटं होती. गणपती विसर्जन करून गावं नुकतीच झोपली होती, तेवढ्यात लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातलं सास्तूर हा सगळा पट्टा हादरला. भूकंपाची तीव्रता होती ६.२. एवढ्या धक्क्यात पक्की घरं तगूही शकतात. इथे मात्र मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती होत्या आणि वर मातीच्या थरांचं जड माळवद. ते झोपलेल्यांच्या अंगावर आलं. ५२ गावं जमीनदोस्त झाली, सुमारे दहा हजार माणसं गेली.

जीव वाचला तरी अशा अनुभवातून काहींना आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, जडतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये त्याला आजार म्हणून मान्यता दिली. तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतं, भांडं पडलं तरी छातीत धस्स होतं, त्या जागेकडे पाय वळत नाहीत, आपल्याच माणसांत मन रमत नाही. पहिले काही दिवस असं होणं स्वाभाविक आहे आणि बहुतेक जण हळूहळू सावरतात. महिना उलटूनही त्रास टिकला, रोजचं जगणं अडलं, तर तो आजार समजावा.

मेंदूतला अमिग्डला हा भाग धोक्याची घंटा वाजवतो. प्रसंग कुठला, कधीचा, ही नोंद ठेवण्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा वाटा असतो. पराकोटीच्या भीतीत घंटा खोल कोरली जाते आणि काळवेळेची नोंद विस्कळीत राहते. त्यामुळे जुना प्रसंग नुसता आठवत नाही, तो आत्ता घडतोय असं शरीराला वाटतं.

भूकंपाचं दुखणं आणखी अवघड, कारण इथे धोका आला तो घरातूनच. अपघाताचा रस्ता टाळता येतो. रात्र, अंथरूण आणि डोक्यावरचं छप्पर कसं टाळणार? शिवाय नंतरचे धक्के मनाला ‘संपलं’ असं म्हणू देत नाहीत. १० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि नांदेडही हादरलं. ज्यांनी किल्लारी भोगली, त्यांना अशी सकाळ थेट त्या पहाटेत नेऊ शकते.

किल्लारीच्या भूकंपाचे मनावर झालेले परिणाम भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या संशोधनातून तपासले गेले. अभिनेते आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे त्या कामात होते. पडद्यावरच्या आगाशेंइतकेच हे आगाशेही मराठी घरांना ठाऊक असायला हवेत.

‘झालं गेलं विसरून जा’ हा सल्ला मायेपोटी दिला जातो, पण त्याने भागत नाही. आठवण टाळल्याने भीती टिकून राहते. प्रशिक्षित समुपदेशक रुग्णाला त्या आठवणीजवळ सुरक्षितपणे, त्याच्या गतीने नेतो. गरज असेल तिथे सर्ट्रालिनसारखी औषधं मानसोपचारतज्ज्ञ देतात. बरीच वर्षं उलटली असली तरी उपचारांचा उपयोग होतो. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येतं.