बर्फ लावा, पण फसू नका

संध्याकाळी सातची वेळ. कबड्डीच्या सरावाहून आमचे चिरंजीव मित्राच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उड्या मारत घरी आले. पकडीतून सुटताना घोटा मुरगळला होता. झालं, घरात लगेच सभा भरली. "आंबेहळद उगाळा आणि गरमागरम लेप घाला," आजीचा निकाल. "तेल लावून जोरात चोळा, शीर मोकळी होईल," शेजारच्या काकांचा सल्ला. मी आपली गरम पाण्याची पिशवी भरली. कुणाचं मन मोडायला नको म्हणून आम्ही सगळंच केलं. रात्री दहापर्यंत घोटा टम्म फुगला आणि पोराच्या डोळ्याला डोळा नाही.

दुखलं की शेक, ही आपल्या घरोघरीची रीत. उसण भरली, मान आखडली, तर शेकाने बरं वाटतं, यात शंका नाही. पण ताज्या दुखापतीचं गणित उलटं असतं. पाय मुरगळतो तेव्हा हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध ताणले जातात, त्यांचे काही तंतू तुटतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि आत रक्त व पाणी झिरपू लागतं. त्यात शेक दिला की रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज वाढते. चोळण्याने दुखावलेला भाग आणखी दुखावतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस शेक नको आणि मालीशही नको.

या वेळी कामी येतो तो फ्रीजमधला बर्फ. थंडाव्याने मज्जातंतूंमधून मेंदूकडे जाणारे वेदनेचे निरोप मंदावतात आणि भाग बधिर होतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता शोषून घेतो. म्हणूनच नुसत्या गार पाण्याच्या पट्टीपेक्षा वितळणारा बर्फ अधिक गुणकारी.

लावायची रीत सोपी आहे. बर्फ फोडून प्लास्टिकच्या पिशवीत भरावा, थोडं पाणी घालावं, म्हणजे पिशवी सांध्याच्या आकारात नीट बसते. गोठवलेल्या मटारचं पाकीटही चालतं. मात्र त्वचा आणि पिशवी यांच्यामध्ये ओला पंचा हवाच. फ्रीजरमधला बर्फ थेट लावला तर कातडी चक्क भाजल्यासारखी होते. आधी गार लागतं, मग चुरचुरतं, मग ठणकतं आणि शेवटी बधिर होतं. एका वेळी दहा ते पंधरा मिनिटं पुरेत. वीस मिनिटांपुढे जाऊ नये, आणि पिशवी पायावर ठेवून झोपी तर मुळीच जाऊ नये. दोन तासांनी पुन्हा लावता येतो. पाय उशीवर उंच ठेवावा, इलॅस्टिकची पट्टी बांधावी, पण बोटं निळी पडतील इतकी आवळून नव्हे.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत एक काळजी घ्यायची. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झाली असेल, पायांचा रक्तपुरवठा अपुरा असेल किंवा गारठ्याने बोटं पांढरीफटक पडत असतील, तर बर्फाच्या वाटेला जाऊ नये. ज्याला गारवा कळतच नाही, त्याला इजाही कळत नाही.

आता जरा गंमत ऐका. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि दुखरा भाग उंच ठेवणे, हा चार कलमी मंत्र 'राइस' या नावाने जगभर पोचवला तो अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी, 1978 साली. त्याच मर्किन यांनी 2014 मध्ये आपलं मत बदललं. सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग असतो. सतत बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरं व्हायला उलट उशीर लागू शकतो, असं त्यांनी लिहिलं. तात्पर्य काय, तर बर्फ वेदना शमवतो. तुटलेलं सांधण्याचं काम शरीरच करतं. सुरुवातीचा एक-दोन दिवसांचा ठणका कमी करण्यापुरताच त्याला मान द्यावा.

हा फरक आमच्या घरी तिसऱ्या दिवशी कळला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून बर्फ सुरू होता, दुखणं उतरलं होतं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, बर्फ लावला की काहीच दुखत नाही. रविवारी बर्फ लावून फायनल खेळतो!" मी चरकलोच. वेदना म्हणजे दारावरची घंटा. घंटेची वायर कापली म्हणून दारात उभं राहिलेलं संकट परत जात नाही. बधिर घोट्यावर खेळलं तर ताणलेला अस्थिबंध पुरता तुटू शकतो.

बर्फाने आणखीही एक फसगत होते. 'मुरगळलाय नुसता' म्हणत आपण मोडलेलं हाड घरात सांभाळत बसतो. त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, सांधा वेडावाकडा दिसत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर बर्फ बाजूला ठेवून आधी एक्स-रे काढावा.

आमचे चिरंजीव त्या रविवारी मैदानाबाहेर बसून गुण लिहीत होते. पुढे सूज उतरल्यावर हळूहळू चालणं सुरू झालं, दात घासताना एका पायावर उभं राहण्याचा व्यायामही. तोल सुधारला की घोटा पुन्हा मुरगळण्याची भीती कमी होते. आजीची आंबेहळदही तेव्हा सन्मानाने उगाळली गेली. "मग माझं काय चुकलं होतं?" तिने विचारलं. चुकलं काहीच नव्हतं, आजी. वेळ तेवढी चुकली होती.