एचआयव्ही : औषध मोफत, पण काळजी घेणाऱ्या बाईच्या बुडालेल्या मजुरीचे काय?

घरात नवऱ्याला किंवा मुलाला एचआयव्ही असेल, तर गोळ्यांची वेळ, जेवणखाण, आजारपणातली शुश्रूषा आणि दवाखान्याच्या खेपा बहुतेक वेळा बाईवरच येतात. अनेकदा ती स्वतःही बाधित असते. तिची काळजी घ्यायला मात्र कुणी नसते.

भार नेमका कुठे पडतो?

सरकारी रुग्णालयांतून एआरटी औषधे मोफत द्यायला १ एप्रिल २००४ रोजी सुरुवात झाली. गोळ्या रोज आणि आयुष्यभर घ्याव्या लागतात. त्या आणायला गेलेल्या मजूर बाईचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे. पण बुडालेली मजुरी कुणी भरून देत नाही.

कायदा काय सांगतो?

एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यातील 'संरक्षित व्यक्ती' म्हणजे केवळ बाधित व्यक्ती नव्हे. तिच्यासोबत राहणारे किंवा पूर्वी राहिलेलेही त्यात येतात. त्यामुळे नवऱ्याच्या पश्चात एचआयव्हीचे कारण पुढे करून सुनेला राहत्या घरातून काढता येत नाही. संरक्षित व्यक्तींसाठी योजना आखणे हीसुद्धा सरकारची जबाबदारी आहे.

मग अडते कुठे?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे. पण हे अनुदान आजार, वैधव्य अशा निकषांवर मिळते; शुश्रूषेच्या कामासाठी नाही. शिवाय अर्जासाठी कार्यालयात गेल्यावर आजाराची वाच्यता होईल, या भीतीने अनेक जणी मागे राहतात.

काय करता येईल?

• प्रकृती स्थिर असलेल्यांना एका वेळी ३ ते ६ महिन्यांची औषधे द्यावीत. जागतिक आरोग्य संघटनेचीही तशीच शिफारस आहे. करोनाकाळात भारतातही एकदम अनेक महिन्यांची औषधे देण्यात आली होती.

• गावाजवळच्या लिंक एआरटी केंद्रांची संख्या वाढवावी. आठवडी बाजाराच्या दिवशी ती हमखास सुरू असावीत.

• योजनांचे अर्ज एआरटी केंद्रातच, गुप्तता राखून भरून घ्यावेत.

• घरी शुश्रूषा करणाऱ्याला स्वतंत्र भत्ता द्यावा.

यातील पहिल्या तीन गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. बाईची एक खेप वाचली, तर तिची एक दिवसाची मजुरी वाचते. ती स्वतः बाधित असेल, तर तिच्या गोळ्याही चुकत नाहीत.