पडद्यावरचा वर्ग आणि विद्यार्थ्याचा संकोच

नांदेडजवळचे विष्णुपुरी हे गोदावरीवरील प्रकल्पाइतकेच शिक्षणसंस्थांसाठीही ओळखले जाते. श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, दोन्ही येथेच आहेत. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. येथे शिकणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यापर्यंत आता देशातील नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने मोबाइलवरून पोहोचतात. साधने आली, पण विद्यार्थी ती मनापासून वापरतात का, हा प्रश्न मात्र उरतोच.

त्यासाठी आधी ‘परस्परसंवादी’ या शब्दाचा अर्थ समजून घ्यायला हवा. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या व्यवस्थेतील प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : चित्रफिती, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा. पहिल्या दोन भागांत विद्यार्थी केवळ प्रेक्षक किंवा वाचक असतो. उरलेल्या दोहोंत मात्र त्याला उत्तर द्यावे लागते, शंका मांडावी लागते, आपले चुकले हे पाहावे लागते. संवाद घडतो तो येथेच. आणि विद्यार्थी बिचकतो तोही येथेच.

उपयोग आणि सुलभता

नवे तंत्र माणसे का स्वीकारतात, याची एक सुटसुटीत मांडणी अमेरिकी अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये केली. माणूस स्वतःला दोन प्रश्न विचारतो, असे तिचे सार आहे. याचा मला उपयोग काय? आणि हे वापरायला सोपे आहे का?

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने उपयोग म्हणजे बहुधा परीक्षेतील गुण. जालावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक नियमित पदवीत धरण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये २० टक्क्यांपर्यंत मुभा दिली आणि २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. आयआयटींच्या ‘एनपीटेल’ अभ्यासक्रमांत साप्ताहिक स्वाध्यायांना २५ टक्के, तर केंद्रावर जाऊन द्यावयाच्या परीक्षेला ७५ टक्के भार असतो. म्हणजे स्वाध्यायाला थोडे का होईना, गुण आहेत. चर्चेत विचारलेल्या चांगल्या प्रश्नाला मात्र गुण नाहीत. तेव्हा विद्यार्थी स्वाध्याय सोडवतो आणि चर्चेकडे फिरकत नाही, यात नवल नाही.

सुलभतेची अडचण वेगळी आहे. २०२० च्या टाळेबंदीत असंख्य विद्यार्थ्यांचा वर्ग मोबाइलवरच भरला. लहान पडद्यावर व्याख्यान पाहता येते. पण गणिताचे समीकरण टंकित करणे किंवा आलेख सरकवून पाहणे हे जिकिरीचे काम ठरते. त्यात भाषेची भर. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला इंग्रजी व्याख्यान दोनदा ऐकून समजू शकते. परंतु तीच शंका इंग्रजीत, स्वतःच्या नावानिशी, देशभरातील अनोळखी विद्यार्थ्यांसमोर लिहायची म्हटली की त्याचा हात थबकतो. त्याच्या या मौनाला उदासीनता म्हणणे अन्यायाचे होईल. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने संगणकाचे धडे मराठी निवेदनासह दिले. ऐकण्याची सोय अशी झाली, तशीच मराठीत विचारण्याचीही व्हायला हवी.

आवडणे म्हणजे शिकणे नव्हे

येथे आणखी एक मुद्दा ध्यानात घ्यावा लागतो. विद्यार्थ्याला जे साधन आवडते, त्यातून तो अधिक शिकतोच असे नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून आठवून लिहिला. वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास अधिक होता; आठवडाभराने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्याच अधिक लक्षात राहिले. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच आहे. स्वतः प्रश्न सोडवत शिकलेले विद्यार्थी चाचणीत पुढे होते, परंतु आपण कमी शिकलो असे त्यांनाच वाटत होते. मेंदूला पडणाऱ्या कष्टांचा अर्थ ‘मला जमत नाही’ असा लावला जातो, तो असा.

म्हणूनच केवळ ‘तुम्हाला हे साधन आवडले का?’ एवढे विचारणाऱ्या प्रश्नावलीवर विसंबून चालणार नाही. गुळगुळीत चित्रफितीला पसंती मिळेल आणि चुका दाखवणारी चाचणी नापसंत ठरेल.

वास्तविक मराठवाड्याला ही गोष्ट नवी नाही. ‘लातूर पॅटर्न’ नावाजला तो सराव परीक्षांच्या शिस्तीमुळेच. पुन्हापुन्हा प्रश्न सोडवण्याचे महत्त्व येथील विद्यार्थी बारावीतच शिकलेला असतो. त्याला अपरिचित आहे तो दुसरा भाग : उत्तर ठाऊक नसताना प्रश्न विचारणे. सरावाने गुण वाढतात. पण विषयाची समज वाढायची तर शंका मोकळेपणाने मांडता आली पाहिजे.

यासाठी महागड्या यंत्रणेची गरज नाही. सत्राच्या आरंभीच प्राध्यापकांनी सांगावे की, चाचणी जड वाटणे हे शिकत असल्याचे लक्षण असू शकते. शंका मराठीत आणि नाव न देता विचारण्याची मुभा असावी. अंतर्गत मूल्यमापनात चांगल्या प्रश्नालाही गुण मिळावेत. आणि विचारलेल्या शंकेला वेळेवर उत्तर मिळावे, कारण एकदा अनुत्तरित राहिलेला विद्यार्थी सहसा दुसऱ्यांदा विचारत नाही. खेड्यातून आलेल्या ज्या मुलाच्या घरी शंका विचारायला कोणी नाही, त्याला या साधनांची सर्वाधिक गरज आहे. संकोचापायी तोच त्यांच्यापासून दूर राहिला, तर जुनी दरी नव्या पडद्यावरही तशीच राहील.