चालत्या गाड्याला खीळ न घालता

‘चालत्या गाड्याला खीळ घालणे’ हा वाक्प्रचार आपण निंदेच्या अर्थाने वापरतो. परंतु गाडा चालता असतानाच त्याचे काय बिघडले आहे हे पाहायचे असेल तर? संगणकाच्या जगात हा प्रश्न रोजचा आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असे प्राध्यापक मंडळींना वाटेल. माझा चुलतभाऊ हिंजवडीत हेच काम करतो, मी त्याच्या खोलीवर राहतो आणि त्याला अपरात्री येणारे फोन माझीही झोप मोडतात. एवढे कारण पुरे.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या रात्री आपण सारेच संकेतस्थळावर तुटून पडतो. पलीकडे सर्व्हरवर एक प्रोग्राम अखंड चालू असतो आणि एकाच वेळी हजारोंची कामे हाताळतो. तो अडखळला की सोपा उपाय म्हणजे बंद करून पुन्हा सुरू करणे. मात्र त्यात कुणाचा अर्धा भरलेला अर्ज जाऊ शकतो आणि बिघाडाचा पुरावाही स्मृतीबरोबर पुसला जातो. पंचनाम्याआधीच प्रेत हलवावे, तसा हा प्रकार!

लॉग नावाची नोंदवही असते खरी. पण तिच्यात प्रोग्राम लिहिणाऱ्याला आधी सुचले तेवढेच सापडते. आत्ता सुचलेला प्रश्न विचारण्यासाठी कन्सोल लागतो. चालत्या प्रोग्रामच्या पोटातच एक लहानसे दार ठेवलेले असते. एरवी ते बंद. गरज पडली की त्याच संगणकावरून इशारा द्यायचा. मग प्रोग्रामचा एक वेगळा धागा, ज्याला थ्रेड म्हणतात, तो जागा होतो आणि आपल्यापुढे रिकामी ओळ येते. तिथे विचारायचे : रांगेत किती अर्ज आहेत? कोणता धागा कुठे खोळंबला आहे? उत्तर लगेच मिळते, कारण कन्सोल आणि प्रोग्राम यांची स्मृती एकच असते. काम झाले की दार लावून घ्यायचे. अर्ज भरणाऱ्यांना याचा पत्ताही लागत नाही.

आमच्या गावी वडिलांची पिठाची गिरणी आहे. पट्टा फिरत असतानाच ते पडते पीठ अंगठा आणि बोट यांत चोळून पाहतात आणि जात्याची पाळी किंचित सैल किंवा घट्ट करतात. शाळा त्यांनी चौथीत सोडली. पण भावाचे काम त्यांना समजावून सांगायला मला दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

याचे मला सर्वांत आवडलेले उदाहरण अंतराळातले आहे. ‘नासा’चे ‘डीप स्पेस वन’ हे यान १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये सुटले. मे १९९९ मध्ये त्यावर ‘रिमोट एजंट’ हा लिस्प भाषेतला प्रोग्राम चालवून पाहण्यात आला. दुसऱ्याच दिवशी इंजिन बंद करण्याची आज्ञा त्याच्याकडून सुटायला हवी होती, ती सुटली नाही. दोन धागे ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ म्हणत दारातच अडले होते. जमिनीवरच्या चाचण्यांत हा दोष कधी दिसला नव्हता. यान कोट्यवधी किलोमीटर दूर; तिथे कोण जाणार? पण चालत्या प्रोग्रामशी प्रश्नोत्तरे करण्याची सोय यानावर होती आणि ती दोष हुडकताना फार उपयोगी पडली.

आता धोक्याचे बोलू. या दाराला ‘फक्त पाहा’ अशी पाटी सहसा नसते. प्रोग्रामला जे करता येते ते सारे कन्सोलवर बसलेल्यालाही येते. चुकीची आज्ञा दिली तर आख्खा प्रोग्राम कोसळतो. शिवाय त्या स्मृतीत आपली नावे, उत्पन्नाचे दाखले, बँकेचे खाते असे सारे असते. अपरात्री एकटा बसलेला तंत्रज्ञ ते वाचू शकतो, याची अर्ज भरणाऱ्याला कल्पनाही नसते. भावाच्या मते प्रत्येक आज्ञेची नोंद ठेवली म्हणजे झाले. मला ते पुरेसे वाटत नाही. ती नोंद वाचणारा दुसरा माणूस हवा, आणि तो सर्व्हर सांभाळणाऱ्यांपैकी नसावा. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या पायथन ३.१४ मध्ये तर चालत्या प्रोग्रामला बाहेरून जोडून घेण्याची सोय भाषेतच आली आहे. ती वापरायला संगणकावर तसा अधिकार लागतो, आणि नको असेल त्याला ती मुळातच बंद करून ठेवता येते.