कोरडं मीठ, शुद्ध पाणी आणि मोटर

मागे ऐकू येतंय ना? आज बोलायचंय कार्यकारणभावाबद्दल, पण सुरुवात विजेच्या खांबापासून करू.

बेलपाड्यात, खाडीच्या वाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. जूनच्या पहिल्या शिडकाव्याला वीज जाते. धो धो पावसात मात्र तोच खांब बऱ्याचदा टिकून राहतो. असं का? चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उन्हाळाभर धूळ आणि मीठ बसलेलं असतं. शिडकावा ते नुसतं भिजवतो, मोठा पाऊस धुऊन नेतो.

आता बघा, कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही. शुद्ध पाणीही जवळपास नाहीच. दोन्ही एकत्र आले की विजेला वाट मिळते. आपले नैयायिक याला कारणसामग्री म्हणतात: एकटं कारण पुरत नाही, सगळी सामग्री जुळली की कार्य घडतं.

इथून जवळच न्हावा-शेव्याला जहाजं लागतात. त्यांच्या डेकवरच्या मोटरवर ही सामग्री नेहमीच जुळत असते. हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ ओल ओढून आपणच विरघळतं. मग इन्सुलेशनच्या पृष्ठभागावरून थोडी वीज गळते. त्या उष्णतेनं ओलीचा एखादा पट्टा सुकतो, त्यावरून ठिणगी उडते आणि पृष्ठभाग जळून काळी रेघ उमटते. ही रेघ कोळशाची. ती कोरडी असली तरी वीज वाहते. म्हणजे मळ होता तोवर धुता आला असता, आता नाही.

चालती मोटर गरम असते, म्हणून कोरडी राहते. बंद होऊन थंडावली की ओल धरते. त्यामुळे बंद मोटरीत छोटा हीटर चालू ठेवतात. मोठ्या मोटरची मेगरनं तपासणी करताना दहाव्या मिनिटाचा आकडा पहिल्या मिनिटाच्या दुप्पट तरी असावा, असा जुना दंडक आहे. दोन्ही आकडे सारखेच आले, तर ओल किंवा मळ आहे असं समजायचं. मग गोड्या पाण्यानं धुवायचं, पूर्ण वाळवायचं आणि पुन्हा मोजायचं.

अपघात झाला की आपण म्हणतो, "समुद्राची हवाच तशी." हवा आपल्या हातात नाही, हे खरं. पण सामग्रीतला मळ आपल्या हातात होता. मोटर सुरू करायला जाणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो. अर्धं कारण निसर्गाचं, म्हणून उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी सुटत नाही.

विचारा, काही प्रश्न असतील तर.